चार वाजताची गोळी

२०२०च्या टाळेबंदीत मुलीने पुण्याहून स्मार्टफोन पाठवला, तेव्हा मी एकाहत्तर वर्षांचा होतो. पस्तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवूनही त्या काळ्या काचेपुढे मला पहिले काही दिवस घाम फुटत असे. नात जुन्या फोनवरून एकेक पायरी सांगे आणि मी ती वहीत क्रमांक घालून लिहून घेई. महिनाभरात विजेचे बिल घरबसल्या भरू लागलो. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये दूरस्थ वैद्यकीय सल्ल्यासाठी सरकारी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली होती. त्यामुळे पत्नीच्या डॉक्टरांशीही फोनच्या पडद्यावरून बोलता आले. उतारवयात नवी विद्या हस्तगत केल्याचा तो आनंद खरा होता आणि त्याविषयी मला आजही खंत नाही.

पत्नीला पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात आहे. या आजारात औषधाची वेळ चुकली की शरीर आखडते, हालचाल मंदावते. तिच्या गोळ्या सकाळी आठ, दुपारी बारा, चार आणि रात्री आठ अशा ठरलेल्या. या चारही वेळांचे गजर मी फोनवरच लावले होते.

रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्याच्या दिवसात कामे पुष्कळ असतात. पण त्या कामांच्या मधले रिकामे तुकडे त्याहून जड जातात. बाहेर पडता येत नाही, पुस्तकात मन लागत नाही. त्या तुकड्यांत मी छोट्या चित्रफिती पाहू लागलो. आरंभी दहा मिनिटे, पुढे तासभर, मग पत्नी झोपल्यावर मध्यरात्रीपर्यंत. शेतीची अवजारे, जुनी गाणी, परदेशातली आगगाडी, कोणाचे तरी भांडण. काय पाहिले ते सकाळी आठवतही नसे. डोळे चुरचुरत, झोप तुटक होई. त्याचे खापर मी वयावर फोडले.

गेल्या श्रावणातल्या एका दुपारी चारचा गजर वाजला. चित्रफीत मध्यावर होती. गजर बोटाने बाजूला सारून मी मनाशी म्हणालो, एवढी संपली की उठतो. उठलो तेव्हा सव्वापाच वाजले होते. पत्नी न्हाणीघराच्या दाराशी चौकट धरून उभी होती. पाय जमिनीला खिळलेले. पुढे पडत नव्हते, मागे येत नव्हते. या आजारात असे होते. आवाजही क्षीण होत जातो. ती म्हणाली, "अहो, दोनदा हाक मारली. वाटलं, कुणाशी बोलताय."

फिजिओथेरपिस्टने शिकवल्याप्रमाणे मी शेजारी उभा राहून "एक-दोन, एक-दोन" असे मोजले. पाऊल सुटले. सुदैवाने ती पडली नव्हती. तिने एका शब्दाने दोष दिला नाही, आणि तेच मला अधिक लागले.

त्या रात्री वडिलांची आठवण झाली. त्यांना तपकिरीचे व्यसन होते. "ही शेवटची चिमूट" असे म्हणत ते डबी मिटत आणि घटकाभराने पुन्हा उघडत. मी त्यांना किती बोललो होतो! व्यसनाला इच्छाशक्तीचा अभाव एवढेच एक कारण असते, असे मी वर्गातही ठामपणे सांगत असे.

खरे तर या ओढीमागची यंत्रणा मला पुस्तकातून ठाऊक होती. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. चोच मारल्यावर दाणा कधी मिळेल याचा नेम नसेल, तर कबूतर अधिक चिकाटीने चोच मारत राहते. माझ्या बोटाचेही तेच चालले होते. नऊ चित्रफिती टाकाऊ, दहावी मनाजोगी. आणि ती दहावी केव्हा येईल हे माहीत नाही. वर्तमानपत्राला शेवटचे पान असते. इथे ते पानच नाही, त्यामुळे थांबण्याची आठवण कोणी करून देत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये खेळांच्या व्यसनाला, म्हणजे गेमिंगच्या विकाराला, आजारांच्या वर्गीकरणात स्थान दिले. मोबाइल पाहणे हा काही त्या यादीतला आजार नव्हे. परंतु त्या विकाराची लक्षणे स्वतःला ताडून पाहण्यास उपयोगी आहेत: स्वतःवर ताबा न राहणे, इतर कामांपेक्षा त्याच गोष्टीला अग्रक्रम मिळणे, आणि हानी दिसत असूनही ती सुरू राहणे. त्या दुपारी तिन्ही माझ्यात होती.

मी फोन टाकून दिला नाही. डॉक्टर, बँक, मुलगी, सारे त्याच्यातच आहेत. मात्र त्याची जागा बदलली. आता तो बैठकीच्या खोलीतल्या कपाटावर असतो. रात्री तिथेच चार्जिंगला लागतो. चित्रफितींचे अ‍ॅप काढून टाकले, अनावश्यक सूचना बंद केल्या. गोळ्यांसाठी घंटेचे टेबल-घड्याळ आणले. ते बंद करायला खुर्चीतून उठावेच लागते. पत्नीच्या उशाशी देवघरातली लहान घंटा ठेवली. झोपण्यापूर्वीचा तासभर पडदा पाहत नाही, कारण त्याच्या उजेडाने झोप लांबते. पडद्याकडे टक लावली की पापण्या कमी मिटतात, म्हणून डोळे कोरडे पडतात, हे नेत्रतज्ज्ञांनी समजावून सांगितले. चुरचुर आता कमी आहे.

एवढ्याने भागले नसते. रिकामे तुकडे तसेच होते. मी मुलीला सर्व सांगितले. ती रागावेल असे वाटले होते, ती एवढेच म्हणाली, "बाबा, तुम्ही एकटे पडलात, हे माझ्या लक्षातच आलं नाही." तेव्हापासून ती दर रविवारी येते आणि मी तीन तास बाहेर पडतो. वाचनालयात जातो, जुन्या सहकाऱ्यांबरोबर चहा घेतो. बुधवारी शेजारचे गृहस्थ बुद्धिबळाचा पट घेऊन येतात.

मध्यंतरी एकदा पाय घसरला. पावसाळी रात्र, झोप येईना. फोनवर अ‍ॅप पुन्हा घेतले आणि दीड वाजेपर्यंत पाहत बसलो. सकाळी पत्नीला सांगून टाकले. सांगितल्यावर ते काढून टाकणे सोपे गेले.

घरातल्या तरुणांना एक विनंती. आजोबा दिवसभर मोबाइलमध्ये असतात, असे हसून सांगण्याऐवजी त्यांच्या दिवसात रिकामे तास किती आहेत, हे एकदा विचारा. ओढ आवरेनाशी झाली, तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तिथे मानसिक आरोग्याविषयी विनामूल्य बोलता येते.

आमच्याकडे चारला घड्याळ वाजते. गोळी झाली, अर्धा तास गेला की आम्ही कपाटावरचा फोन खाली घेतो. पत्नी सांगेल ते एक गाणे दोघे मिळून ऐकतो आणि फोन परत वर ठेवतो.