दिवाळीत माळा, वर्षभर अंगण: सातारा-सांगलीत सेन्सर लायटिंगचा जोडधंदा कसा उभा करायचा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण दिवाळीच्या किल्ल्याला मोशन सेन्सर जोडून बघितला. माणूस जवळ आला की बुरुजावरचे दिवे लागतात, तुतारी वाजते, माणूस निघून गेला की मिनिटभरात सगळं शांत. बघायला मजा येते. पण व्हिडिओत पैशाचं आणि जागेचं बोलायला वेळ पुरत नाही, म्हणून ते इथे लिहिते.

आधी कॅलेंडर काढा. गणेश चतुर्थी ते लक्ष्मीपूजन, मध्ये अधिक महिना आला नाही तर साधारण पंचावन्न दिवस. लायटिंगचा सगळा धंदा यात. माळांवर तर गल्लीतल्या प्रत्येक दुकानाची नजर असते, ऑनलाइनवाले वेगळेच. उरलेल्या तीनशे दहा दिवसांचं काय? सेन्सर इथे कामाला येतो. ज्या घरात तुम्ही गौरीपुढे सेन्सरची माळ लावली, त्याच घराला अंगण असतं, मागे गोठा असतो, शेतात मोटर असते, नाहीतर गोदाम असतं. माल तोच, पक्कड-टेस्टर तेच, आणि मालक तुम्हाला ओळखतो. सणाचं काम ही तुमची जाहिरात. अंगणाचं काम हा धंदा.

सेन्सरला काय दिसतं

आपण वापरतो तो बहुतेक पीआयआर सेन्सर. तो स्वतः काही सोडत नाही. माणसाच्या, जनावराच्या अंगातून जी उष्णता बाहेर पडते तिच्यातला बदल तो टिपतो. आत दोन संवेदनशील पट्ट्या असतात, वर पांढरी घुमटी. ती घुमटी म्हणजे भिंग आहे. समोरच्या जागेच्या ती फाका पाडते. गरम वस्तू एका फाकेतून दुसऱ्या फाकेत गेली की सेन्सर चालू. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात मे २०१८ मध्ये वाघाचा फोटो मिळाला, तो ज्या कॅमेरा ट्रॅपमुळे, तसे कॅमेरेही याच तत्त्वावर चालतात. आपल्या किल्ल्यातला सेन्सर त्यांचाच धाकटा भाऊ.

हे एवढं समजलं की बसवण्याची अर्धी विद्या आली. फाका आडव्या ओलांडणारा माणूस सेन्सरला लगेच दिसतो, सरळ त्याच्या अंगावर चालत येणारा उशिरा दिसतो. आपल्याकडे फाटकापासून दारापर्यंत सरळ वाट असते आणि लोक सेन्सर दाराच्या वर ठोकतात. पाहुणा पायरीवर येईपर्यंत लाइट लागत नाही. तोच सेन्सर बाजूच्या भिंतीवर, सात-आठ फुटांवर, वाटेला आडवा बघेल असा लावा. फाटक उघडून चार पावलं टाकली की उजेड.

दुसरी गोष्ट काच. पीआयआरला साध्या काचेच्या पलीकडचं दिसत नाही. सांगलीच्या मेन रोडवर किंवा साताऱ्याच्या राजपथावर एखाद्या साडीच्या दुकानाने सांगितलं, "शोकेससमोर गिऱ्हाईक थांबलं की आतली लायटिंग लागली पाहिजे," तर सेन्सर काचेच्या बाहेर यावा लागेल. आत ठेवायचा असेल तर मायक्रोवेव्ह सेन्सर घ्या. त्याच्या लहरी काच, प्लायवूड, प्लॅस्टिक पार करतात. पण मग रस्त्यावरून जाणारी प्रत्येक गाडीही त्याला दिसते. रेंज कमी करून, तोंड फिरवून बघावं लागतं. लोखंडी पत्र्याच्या शेडमध्ये तर या लहरी भिंतींवर आपटून परत येतात आणि सेन्सर नको तेव्हा पेटतो. तिथे पीआयआरच बरा.

सणाची कामं: कुठे घ्यायची, कुठे नाही

सार्वजनिक मंडळाच्या मुख्य देखाव्याला सेन्सर विकायला जाऊ नका. समोर गर्दी हलत असते, सेन्सर बंदच होत नाही, मग त्याचा उपयोग काय? तिथे टायमर लागतो. तासगावच्या रथाच्या गर्दीत मोशन सेन्सर लावून बघा, म्हणजे कळेल.

सेन्सर शोभतो तो थांबून थांबून माणसं येतात अशा जागी. घरातल्या गौरी-गणपतीपुढे, सोसायटीच्या जिन्यात, हॉटेलच्या प्रवेशाशी, आणि आपल्या लाडक्या किल्ल्यावर. साताऱ्यात अजिंक्यतारा डोक्यावर घेऊन वाढलेली पोरं आहेत. किल्ला नीट झाला नाही तर ती तुम्हाला माफ करणार नाहीत, एवढं लक्षात ठेवा.

किल्ल्याला आणि आरासीला मी २३० व्होल्ट कधी नेत नाही. १२ व्होल्टचा चांगला अडॅप्टर, १२ व्होल्टच्या एलईडी पट्ट्या, तेवढ्यावरच चालणारा छोटा सेन्सर आणि एक रिले. ओली माती, पोरांचे हात, पाण्याने भरलेलं तळं, हे सगळं तिथे एकत्र असतं. एचसी-एसआर ५०१ नावाचं मॉड्यूल सुट्या भागांच्या दुकानात सहसा शंभर रुपयांच्या आत मिळतं. त्याला दोन नारिंगी स्क्रू असतात, एक अंतराचा, एक वेळेचा. करंट दिल्यावर पहिलं मिनिटभर ते उगाच चालू-बंद होतं. ते खराब नाही, जुळवून घेत असतं. हे मालकाला आधीच सांगा, नाहीतर तुम्ही फाटकाबाहेर पडायच्या आत फोन येतो.

अंगण, गोठा, शेड

इथे बाहेरचा तयार सेन्सर लाइट वापरायचा, आयपी ६५ लिहिलेला. त्याखालचा माल महाबळेश्वर, पाचगणीच्या पावसात टिकेल ही आशा सोडा. तिकडे पुण्या-मुंबईवाल्यांचे कितीतरी बंगले पावसाळाभर बंद असतात. राखणदार एक, बंगले चार. असा राखणदार तुमचं सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक आणून देतो.

खाली तासगाव, कवठेमहांकाळकडे वेगळं चित्र. फेब्रुवारी ते एप्रिल बेदाण्याचा हंगाम. रानात उघडी शेड, रॅकवर माल, बाजूला शेडनेट. नेट वाऱ्याने हलतं आणि दिवसभर तापलेलं असतं, त्यामुळे सेन्सरचं तोंड नेटकडे ठेवलं तर रात्रभर लाइट नाचत राहणार. सेन्सर आतून बाहेर बघायला नको, शेडच्या कोपऱ्यावरून वाटेकडे बघायला हवा. अजून एक, उन्हाळ्यात हवा आणि भिंत ३६-३७ अंशांवर असली की माणूस आणि मागची भिंत यांच्या तापमानात फरकच उरत नाही. रेंज घटते. मेमध्ये संध्याकाळी सातला घेतलेली चाचणी आणि पहाटे तीनची चाचणी सारखी येत नाही. म्हणून डब्यावर लिहिलेल्या अंतरापेक्षा कमीच सांगा.

कृष्णाकाठच्या खालच्या भागात काम असेल तर २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं ते घरच्यांना विचारा. भिंतीवरची खूण ते स्वतःच दाखवतात. जोडणीचा डबा त्याच्या वर.

सेन्सर लाइट का घ्यायचा, हे मालकाला आकड्यात सांगा. ५० वॅटचा फ्लडलाइट संध्याकाळी सात ते सकाळी सहा चालला तर ११ तास, म्हणजे रात्रीला ०.५५ युनिट, महिन्याला साडेसोळा युनिट. सेन्सरवर रात्रीत तीस वेळा दोन-दोन मिनिटं लागला तर एक तास, महिन्याला दीड युनिट. पण खरं सांगू, युनिटपेक्षा माणसाला दुसरी गोष्ट पटते. कायम चालू असलेल्या दिव्याकडे कोणी बघत नाही. अचानक लागलेल्या दिव्याकडे घरचेही बघतात, शेजारचेही.

पैसे नक्की कुठे जातात

आता वही काढा. समजा एका अंगणाच्या कामाला १,४०० रुपयांचा माल लागला आणि तुम्ही १,८०० घेतले. वरचे ४०० तुमचे वाटतात. त्यातून पेट्रोलचे १०० गेले, राहिले ३००. जाऊन-येऊन, बसवून तीन तास. तासाला शंभर. आता चौथ्या दिवशी फोन आला, "ताई, लाइट आपोआप लागतोय." परत १०० चं पेट्रोल, दीड तास. राहिले २००, तास झाले साडेचार. तासाला ४४ रुपये. दुसरी फेरी झाली की उरतात शंभरच.

म्हणून या धंद्यात नफा सेन्सरच्या किमतीत नाही, परत न जावं लागण्यात आहे. खोटे इशारे कशाने येतात ते मी ठरावीक क्रमाने बघते. घुमटीजवळ पाल फिरते का? पाल छोटी, पण जवळून गेल्यामुळे सेन्सरला मोठी दिसते. पावसाळ्यात किडे आणि त्यांच्यामागे कोळी येतात, जाळं घुमटीवरच. दिवा सेन्सरच्याच नजरेत आहे का? मग दिवा विझला की तोच बदल पकडून परत लागतो, आणि हा खेळ रात्रभर चालतो. समोर स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट? कुत्रं-मांजर? सेन्सरचं तोंड थोडं वर किंवा घुमटीच्या खालच्या भागावर काळी टेप, एवढ्याने बऱ्याचदा भागतं.

तयार लाइटवर सेन्स, टाइम, लक्स अशी तीन बटणं असतात. दिवसा चाचणी घेताना लक्स सूर्याच्या खुणेवर आणि टाइम सगळ्यात कमी ठेवा. मालकाला स्वतः चालायला लावा. ते चालतात, लाइट लागतो, ते हसतात. मग लक्स चंद्राकडे, टाइम दोन मिनिटांवर, आणि निघा. ही दहा मिनिटं वाचवू नका.

दर सांगताना माल आणि बसवणावळ वेगळी लिहा. पहिली फेरी फुकट, त्यानंतरच्या फेरीचा दर आधीच कोटेशनवर. दिवाळीआधी एकदा साफसफाई आणि सेटिंगची वार्षिक फेरीही विकता येते.

नाही म्हणायची कामं

कराड, पाटण, शिराळ्याकडे उसात बिबट्या असतो हे तुम्हाला मी सांगायला नको. गिऱ्हाईक विचारणारच, "याने बिबट्या येणार नाही ना?" उत्तर एकच: लाइट लागेल, तुम्हाला कळेल, पण बिबट्या थांबेलच याची हमी कोणी देऊ शकत नाही. गोठा जाळीने वरूनही बंद हवा, आणि बिबट्या दिसला तर वन विभागाची १९२६ हेल्पलाइन आहे. भीती दाखवून माल खपतो, पण एक वासरू गेलं की त्या गावात तुमचं दुकान संपलं.

आणि कोणी म्हणालं, "सेन्सर लागला की कुंपणात करंट सोडायचा," तर हत्यारं गोळा करून घरी या. डुकरासाठी सोडलेल्या करंटने शेजारचा माणूस मरतो, गुन्हा दाखल होतो, आणि जोडणी कोणी केली हे पहिलं विचारलं जातं.

२३० व्होल्टची नवी वायरिंग परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या, कामाला परवाना असलेला वायरमन सोबत घ्या. बाहेरच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी आहे का ते बघा, नसेल तर कोटेशनमध्ये घाला. सेन्सरचा कॅमेरावाला प्रकार असेल तर तोंड शेजाऱ्याच्या खिडकीकडे नको, नाहीतर भांडण तुमच्या दारात.

कागदपत्रांचं थोडक्यात: उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. जीएसटीचं ४० लाखांचं बोलणं फक्त माल विकणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही बसवूनही देता, म्हणजे सेवा आली, तुमची मर्यादा वर्षाला २० लाख उलाढालीची धरा.

सुरुवात करायची तर आधी एक डेमो पेटी बनवा: १२ व्होल्टचा अडॅप्टर, एक पीआयआर, एक रिले, मीटरभर एलईडी पट्टी, सगळं एका प्लायच्या फळीवर. ती दुकानाच्या काउंटरवर ठेवा, दुकान नसेल तर ओळखीच्या किराणावाल्याकडे. जोडणीचं चित्र व्हिडिओच्या शेवटच्या भागात आहे. पुढच्या आठवड्यात याच कामाचं कोटेशन ओळीओळीने लिहून दाखवते, तोवर तुमच्या गल्लीतल्या दहा अंगणांची यादी करून ठेवा. फाटक कुठे, दार कुठे, वाट कशी, एवढंच लिहा.