निवृत्तीच्या खात्यावरील वार्षिक परतावा : तुलना कशी करावी?

एप्रिल-मे महिन्यांत सेवानिवृत्तीच्या खात्यांची वार्षिक विवरणे हाती पडू लागतात. कोणास महालेखापाल कार्यालयाकडून अथवा जिल्हा परिषदेकडून भविष्य निर्वाह निधीचे विवरण मिळते, कोणी राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेच्या खात्याचे विवरण संगणकावर उघडून पाहतो, तर कोणी टपाल कार्यालयात जाऊन सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीच्या पुस्तकात व्याजाची नोंद करून घेतो. मग शाळेच्या शिक्षक-खोलीत किंवा पंचायत समितीच्या कचेरीत "यंदा तुम्हाला किती टक्के सुटले?" हा प्रश्न हमखास निघतो. उत्तरे सात टक्क्यांपासून चाळीस टक्क्यांपर्यंत काहीही असू शकतात, आणि सांगणारा प्रत्येकजण प्रामाणिकपणेच सांगत असतो. प्रत्येकाची मोजण्याची रीत मात्र निराळी असते. अशा आकड्यांच्या आधारे कोणी आपला निधी व्यवस्थापक बदलतो, कोणी समभागांतील हिस्सा काढून घेतो, तर कोणी चालू खाते बंद करून रक्कम अन्यत्र हलवितो. तीस वर्षांच्या सेवेची पुंजी अशा निर्णयांवर अवलंबून असल्यामुळे हा परतावा मोजावा कसा, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

राज्य शासनाच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ रोजी अथवा त्यानंतर नियुक्त झालेल्या कर्मचाऱ्यांना परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना लागू झाली व पुढे ती राष्ट्रीय योजनेत समाविष्ट झाली. केंद्र शासनाच्या सेवेत हीच व्यवस्था १ जानेवारी २००४ पासून आली. मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या १० टक्के रक्कम कर्मचाऱ्याच्या वेतनातून कापली जाते. शासनाचा वाटा आरंभी तेवढाच होता. केंद्राने तो १ एप्रिल २०१९ पासून १४ टक्के केला आणि राज्यानेही पुढे तो तितकाच वाढविला. त्यापूर्वी सेवेत आलेल्यांच्या भविष्य निर्वाह निधीत केवळ त्यांची स्वतःची वर्गणी असते. त्यांचे निवृत्तिवेतन शेवटच्या वेतनावरून ठरते, कोणत्याही परताव्यावरून नव्हे. म्हणून भविष्य निर्वाह निधीवरील व्याज व नव्या योजनेतील परतावा यांची तुलना ही दोन बचतींची तुलना होय, दोन निवृत्तिवेतन योजनांची नव्हे. हा भेद चर्चेत बहुधा विसरला जातो.

वाढ म्हणजे परतावा नव्हे

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका शिक्षिकेच्या खात्यात १ एप्रिल रोजी ४,००,००० रुपये होते. तिचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून ५०,००० रुपये होतात. तिचे ५,००० व शासनाचे ७,००० असे १२,००० रुपये प्रत्येक महिन्याच्या अखेरीस खात्यात जमा झाले. ३१ मार्च रोजी शिल्लक ५,७८,००० रुपये दिसली. चार लाखांचे पावणेसहा लाखांहून अधिक झाले, म्हणजे वाढ साडेचव्वेचाळीस टक्क्यांची! परंतु या वाढीतील १,४४,००० रुपये हे वर्षभरात भरलेले अंशदान आहे. ते वजा केल्यास गुंतवणुकीने मिळविलेली रक्कम केवळ ३४,००० रुपये उरते.

आता हे ३४,००० कशावर मिळाले? केवळ आरंभीच्या चार लाखांवर म्हटले तर परतावा साडेआठ टक्के निघतो. पण एप्रिलपासून जमा होत गेलेल्या हप्त्यांनीही काही ना काही कमावलेच आहे. चार लाख व वर्षाचे सर्व हप्ते मिळून ५,४४,००० वर म्हटले तर तो सव्वासहा टक्क्यांवर येतो. पण मार्चचा हप्ता तर एक दिवसही कामाला लागलेला नव्हता. खरे उत्तर या दोहोंच्या मध्ये आहे आणि ते काढण्याची रीत आपल्या कार्यालयांना मुळीच नवी नाही. भविष्य निर्वाह निधीचे व्याज ज्या लिपिकाने हाताने काढले आहे, त्याला ती चांगली परिचित आहे. महिनेवार शिलकांची बेरीज करावयाची, तिला दराने गुणून १२०० ने भागावयाचे, की वर्षाचे व्याज निघते. येथे हाच हिशेब उलटा करावयाचा. पहिल्या महिन्यात ४,००,०००, दुसऱ्यात ४,१२,०००, असे करीत बाराव्या महिन्यात ५,३२,००० रुपये कामाला होते. या बारा रकमांची बेरीज ५५,९२,००० होते. मिळालेल्या ३४,००० ला १२०० ने गुणून या बेरजेने भागिले असता सुमारे ७.३ टक्के हा परतावा येतो. संगणकावर याहूनही काटेकोर पद्धती उपलब्ध आहेत, पण एका वर्षाच्या तुलनेसाठी एवढा हिशेब पुरेसा आहे.

याच शाळेतील ज्येष्ठ शिक्षकाच्या खात्यात वर्षारंभी १२,००,००० रुपये होते, त्यांचेही हप्ते तेवढेच होते आणि अखेरची शिल्लक १४,३६,४०० झाली, असे समजू. त्यांची शिल्लक केवळ १९.७ टक्क्यांनी वाढली. वरील रीतीने हिशेब केला तर त्यांचाही परतावा ७.३ टक्केच निघतो. शिक्षिकेच्या खात्याने अधिक चांगली कामगिरी केली असे नव्हे. तिचे खाते लहान असल्यामुळे नव्या हप्त्यांचे वजन त्यात अधिक दिसले, इतकेच. वर्षात थकबाकीची एखादी मोठी रक्कम जमा झाली असेल तर हा भास अधिकच वाढतो. शासनाचा वाटा हाही परताव्यात धरू नये. तो कर्मचाऱ्याच्या दृष्टीने मोठा लाभ आहे यात संशय नाही, परंतु निधी व्यवस्थापकाने तो मिळविलेला नाही.

निधीचा परतावा आणि खातेदाराचा परतावा

राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत रक्कम जमा होते त्या दिवशीच्या निव्वळ मालमत्ता मूल्याने युनिटे खरेदी केली जातात. एका ३१ मार्चला हे मूल्य ३६ रुपये ४० पैसे व पुढील ३१ मार्चला ३९ रुपये १३ पैसे असेल, तर निधीचा परतावा साडेसात टक्के झाला. खातेदाराचा स्वतःचा परतावा मात्र ७.३ टक्के असू शकतो. कारण त्याचे हप्ते निरनिराळ्या दिवशी, निरनिराळ्या मूल्याने गुंतविले गेले. दोन्ही आकडे बरोबरच आहेत. निधी व्यवस्थापकांची आपसांत तुलना करावयाची असेल तर मूल्यावरून काढलेला परतावा घ्यावा, कारण हप्ते केव्हा आले यावर व्यवस्थापकाचा काही ताबा नसतो. आपल्या पैशाचे काय झाले हे पाहावयाचे असेल तर स्वतःच्या खात्याचा हिशेब करावा.

पैसे केव्हा जमा झाले याला किती महत्त्व आहे, हे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीच्या उदाहरणाने चटकन लक्षात येते. या खात्यात महिन्याच्या पाच तारखेनंतर ते महिनाअखेरपर्यंत जी किमान शिल्लक असेल, तिच्यावर त्या महिन्याचे व्याज मिळते. ७.१ टक्के दराने एकाने ५ एप्रिलपूर्वी १,५०,००० रुपये भरले, तर त्याला त्या वर्षी त्या रकमेवर १०,६५० रुपये व्याज मिळेल. दुसऱ्याने तीच रक्कम पुढच्या ३१ मार्चला भरली, तर त्या वर्षी त्याला एक पैसाही मिळणार नाही. ज्या पंचायत सदस्यांना वा व्यावसायिकांना नोकरीचे निवृत्तिवेतन नाही, त्यांच्यापैकी अनेकजण प्राप्तिकराची सवलत साधण्यासाठी नेमके मार्चअखेरीस पैसे भरताना दिसतात. दर दोघांनाही एकच, रक्कम निराळी.

जाहीर व्याज आणि बाजारभाव

भविष्य निर्वाह निधीचे व्याज केंद्र शासन जाहीर करते आणि राज्य साधारणतः त्याच दराचा अवलंब करते. एप्रिल २०२० मध्ये हा दर ७.१ टक्क्यांवर आला व पुढील पाच वर्षे तो तेथेच राहिला. या खात्याची शिल्लक कधी उतरत नाही, कारण व्याज देण्याची जबाबदारी शासनाची असते. बाजारातील चढउताराशी तिचा थेट संबंध नसतो. नव्या योजनेत मात्र प्रत्येक रोख्याची किंमत रोज बाजारभावाने धरली जाते. शासकीय कर्मचाऱ्यांच्या नेहमीच्या योजनेत समभागांचा हिस्सा अनेक वर्षे कमाल १५ टक्के इतकाच होता. उरलेली रक्कम मुख्यतः शासकीय व कंपन्यांच्या रोख्यांत होती. मग समभाग एवढे थोडे असताना काही वर्षी परतावा एवढा घसरतो कसा, असा प्रश्न अनेकजण विचारतात.

याचे कारण रोख्यांतच आहे. शंभर रुपयांचा, दहा वर्षांच्या मुदतीचा व ७ टक्के व्याजाचा रोखा निधीकडे आहे असे समजा. बाजारातील दर ८ टक्क्यांवर गेला की या जुन्या रोख्याला शंभर रुपये कोण देईल? त्याची किंमत सुमारे ९३ रुपयांवर येते. रिझर्व्ह बँकेने मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांपर्यंत नेला, तेव्हा जुन्या रोख्यांच्या किमतींवर असाच ताण आला. परंतु हा रोखा मुदतीपर्यंत ठेवला तर पूर्ण शंभर रुपये मिळतात, आणि दरम्यान नवे हप्ते अधिक व्याजाच्या रोख्यांत गुंतविले जातात. ज्याच्या निवृत्तीस वीस वर्षे आहेत, त्याला असे वर्ष वाटते तेवढे वाईट नसते. पुढल्याच वर्षी निवृत्त होणाऱ्यास मात्र ते जड जाते. एकच आकडा दोघांना सारखा लागू करणे बरोबर नाही.

सरासरीचा फसवेपणा

अनेक वर्षांच्या परताव्यांची बेरीज करून भागाकार करण्याची सवय सार्वत्रिक आहे. तिच्यातील दोष मुंबई शेअर बाजाराच्या निर्देशांकावरून स्पष्ट होईल. २००७ च्या अखेरीस सेन्सेक्स २०,२८७ होता. २००८ च्या अखेरीस तो ९,६४७ वर आला आणि २००९ च्या अखेरीस १७,४६५ वर गेला. पहिल्या वर्षी ५२.४ टक्के घट, दुसऱ्या वर्षी ८१ टक्के वाढ. सरासरी काढली तर दरसाल १४.३ टक्के नफा! प्रत्यक्षात २०,२८७ चे १७,४६५ झाले. म्हणजे दोन वर्षांत सुमारे १४ टक्के तोटा, दरसाल सव्वासात टक्क्यांच्या आसपास. शंभराचे पन्नास झाले तर पुन्हा शंभर होण्यास पन्नास नव्हे, शंभर टक्के वाढ लागते. म्हणून अनेक वर्षांचा परतावा बेरजेने नव्हे, गुणाकाराने जोडावा.

एका वर्षाच्या आकड्यावरून निर्णय घेण्यातील धोकाही याच निर्देशांकात दिसतो. मार्च २०१९ अखेर ते मार्च २०२० अखेर सेन्सेक्स सुमारे २४ टक्क्यांनी उतरला, आणि त्यापुढील वर्षी ६८ टक्क्यांनी चढला. केंद्रीय कर्मचाऱ्यांना २०१९ पासून निधी व्यवस्थापक व गुंतवणुकीचा प्रकार निवडता येतो. २०२० च्या एप्रिलमध्ये विवरण पाहून ज्याने समभागांतील सर्व हिस्सा शासकीय रोख्यांत नेला, त्याच्या वाट्यास घट पुरी आली व भरपाई मुळीच आली नाही.

जुन्या पिढीतील सेवानिवृत्तांना १९९० च्या दशकातील १२ टक्के व्याजाची आठवण अजून येते, व ते साहजिकही आहे. परंतु १९९१-९२ मध्ये औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किमतींचा निर्देशांक साडेतेरा टक्क्यांच्या आसपास वाढला होता. त्या वर्षी १२ टक्के व्याज मिळूनही पैशाची खरेदीशक्ती एक टक्क्याहून अधिक घटली. २०२४-२५ मध्ये किरकोळ भाववाढ सरासरी ४.६ टक्के होती, तेव्हा ७.१ टक्के व्याजातून भाववाढ वजा जाता सुमारे २.४ टक्के हाती राहिले. बारा मोठा की सात, हे त्या वर्षीच्या बाजारहाटावाचून सांगता येत नाही. करांचाही विचार करावा लागतो : १ एप्रिल २०२१ पासून, जेथे नियोक्ता अंशदान देत नाही अशा भविष्य निर्वाह निधीत वर्षाला पाच लाखांहून अधिक वर्गणी भरल्यास त्यावरील अतिरिक्त व्याज करपात्र ठरते. बहुसंख्य शिक्षकांना हा प्रश्न पडत नाही, हे खरे.

टक्केवारी काढण्यापूर्वी मात्र विवरणात बाराही महिन्यांच्या नोंदी आहेत काय, हे पाहावे. युनिटे रक्कम पोहोचल्यावरच खरेदी होतात. एप्रिलच्या वेतनातून कापलेले अंशदान ऑगस्टमध्ये जमा झाले, तर मधल्या चार महिन्यांत त्या पैशाने काहीच कमावलेले नसते. निधीच्या परताव्यात हे नुकसान दिसत नाही, कारण निधीच्या दृष्टीने ते पैसे तेव्हा आलेलेच नसतात. ते पाहावयाचे असेल तर वरील हिशेबात महिने जमा झाल्यापासून नव्हे, कपात झाल्यापासून मोजावेत. एखाद्या महिन्याची नोंदच नसेल, तर त्या महिन्याच्या वेतनचिठ्ठीची प्रत जोडून आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावा व त्याची पोच घ्यावी. कर्मचाऱ्याचे व शासनाचे, असे दोन्ही हप्ते स्वतंत्रपणे ताडून पाहावेत.