‘हॅलो’ ही मुळात हाळी

टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल याच्या प्रेयसीचं नाव मार्गारेट हॅलो होतं, म्हणून आपण फोन उचलला की ‘हॅलो’ म्हणतो, हा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून फिरत असतो. गोष्ट गोड आहे, पण धादांत खोटी. मला ती खटकते ती मेबल हबर्डसाठी. बेलने जुलै १८७७ मध्ये लग्न केलं ते हिच्याशी. लहानपणी स्कार्लेट फीव्हरने तिचे कान गेले होते. समोरच्याचे ओठ पाहून ती बोलणं समजून घ्यायची. बेल तिचा शिक्षक. लग्नात त्याने नव्या कंपनीतले आपले शेअर, दहा सोडून सगळे, तिच्या नावे केले. नवऱ्याच्या यंत्रातला आवाज मात्र तिला कधीच ऐकू आला नाही. इतकी खरी गोष्ट असताना मार्गारेट कशाला हवी?

शिवाय फोनवर बेलला ‘अहॉय’ म्हणणं पसंत होतं. ती खलाशांची हाक. ‘हॅलो’चा आग्रह धरला थॉमस एडिसनने. १५ ऑगस्ट १८७७ रोजी पिट्सबर्गच्या एका टेलिग्राफ कंपनीच्या अध्यक्षांना त्याने पत्र लिहिलं. तेव्हा दोन ठिकाणांमधली लाइन सतत चालू ठेवायचा विचार होता. मग बोलायचंय हे पलीकडे कळणार कसं? एडिसनचं म्हणणं असं, की घंटी बसवायची गरजच नाही. ‘हॅलो’ म्हटलेलं दहा-वीस फुटांवरूनही ऐकू जातं.

शब्द त्याने घडवला नव्हता. शिकारी कुत्र्यांना चेव आणायला, लांबच्या माणसाला हाळी घालायला ‘होलो’सारख्या आरोळ्या इंग्रजीत फार पूर्वीपासून होत्या. ‘हॅलो’ हे रूप अमेरिकेत १८२० च्या दशकात छापलेलं सापडतं. पण त्याचा अर्थ ‘कसे आहात’ असा नव्हता, ‘अहो, इकडे लक्ष द्या’ असा होता. भेटल्यावर आदराने म्हणायचा हा शब्दच नव्हता.

ही आरोळी अभिवादन झाली ती फोनमुळे. जानेवारी १८७८ मध्ये न्यू हेवनला एकाची लाइन दुसऱ्या कुणालाही जोडून देणारं टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं. पलीकडे कोण आहे, साहेब की नोकर, बाई की पुरुष, हे न कळता बोलायला सुरुवात करायची होती, आणि त्यासाठी मानपान न पाहणारा हा शब्द सोयीचा पडला. त्याच वर्षी बॉस्टनला एमा नट ही पहिली महिला ऑपरेटर कामाला लागली. पुढे अशा मुलींना ‘हॅलो गर्ल्स’च म्हणू लागले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने त्यांच्यातल्या दोनशेहून अधिक जणींना फ्रान्समध्ये स्विचबोर्डवर बसवलं. त्यांना माजी सैनिक म्हणून मान्यता मिळायला १९७७ साल उजाडलं.