आजोबांच्या नावाचा परवाना

पेठेतील जुन्या दुकानात गादीमागच्या भिंतीवर बहुधा तीन गोष्टी दिसतात : भगवंतांची तसबीर, तिच्याखाली दुकान थाटणाऱ्या आजोबांचे छायाचित्र आणि बाजूला काचेच्या चौकटीत बसवलेला, कडा पिवळ्या पडलेला परवाना. दिवाळीत वहीपूजनाच्या दिवशी तसबिरीपुढे दिवा लागतो, छायाचित्राला नवा हार चढतो, कोऱ्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक रेखाटले जाते. परवान्याकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. गेले असते, तर कित्येक दुकानांत एक गोष्ट ध्यानात आली असती. त्यावरील नाव अजून आजोबांचेच आहे आणि आजोबांना जाऊन अनेक वर्षे लोटली आहेत.

दुकान सुरळीत चालते तोवर यामुळे काही अडत नाही. अडते ते संकटाच्या वेळी, किंवा भरभराट दाराशी आल्यावर. रस्ता रुंदीकरणात दुकान बाधित होते, आग लागून मालाचे नुकसान होते, घरमालक इमारत नव्याने बांधायला काढतो, किंवा नातू धंदा वाढविण्यासाठी बँकेत कर्ज मागायला जातो. अशा प्रत्येक वेळी पहिला प्रश्न एकच येतो : हा व्यवसाय कागदोपत्री कोणाचा? चाळीस वर्षे पहाटे शटर उघडणाऱ्या मुलाला तेव्हा कळते, की या प्रश्नाच्या उत्तरात आपले नाव कोठेच नाही.

एक दुकान, अनेक दारे

‘गुमास्ता काढला, म्हणजे सगळे झाले’ हा व्यापारी पेठेतील सर्वांत रुजलेला गैरसमज आहे. गुमास्ता म्हणजे दुकानातील नोकर वा कारकून. 1948 च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्याखालील नोंदणीला लोकांनीच हे नाव दिले, कारण त्या कायद्याचा विषय मुळात नोकरांच्या कामाचे तास, सुट्टी आणि सोयी हा होता. या नोंदणीमुळे दुकान अस्तित्वात आहे एवढीच दखल घेतली जाते. जागेवरचा हक्क किंवा बांधकामाची वैधता त्यातून सिद्ध होत नाही.

जुन्या कायद्याच्या जागी 2017 चा नवा कायदा आला आणि त्याच वर्षी 19 डिसेंबरपासून तो लागू झाला. या कायद्याने लहान दुकानदाराचे ओझे बरेच हलके केले. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला नोंदणी प्रमाणपत्राची सक्ती उरली नाही. व्यवसाय सुरू केल्यापासून साठ दिवसांत ऑनलाइन सूचना देऊन तिची पावती जपणे पुरेसे ठरले. ही मर्यादा वीस कामगारांपर्यंत नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने 2025 मध्ये घेतला. दुकानाच्या फलकाचा नियम मात्र लहान-मोठे असा भेद करीत नाही. 2022 च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक दुकानाचे नाव मराठीत, देवनागरी लिपीत असणे बंधनकारक आहे आणि ती अक्षरे अन्य भाषेतील अक्षरांपेक्षा लहान असून चालत नाहीत.

याखेरीज इतर दारे वेगळी आहेत. पीठगिरणी, मिठाईचा कारखाना, ज्वालाग्राही मालाचा साठा अशा व्यवसायांना महापालिका किंवा नगरपालिकेचा स्वतंत्र परवाना लागतो. मुंबईत त्याचा आधार 1888 च्या महापालिका अधिनियमात आहे, तर इतर महापालिकांसाठी 1949 चा आणि नगरपालिकांसाठी 1965 चा अधिनियम आहे. धान्य, मसाले, फरसाण, पापड विकणाऱ्यास अन्नसुरक्षा कायद्याखाली यावे लागते. 2011 च्या नियमांनी वार्षिक उलाढाल 12 लाख रुपयांपर्यंत असेल तर साधी नोंदणी आणि त्यापुढे परवाना अशी विभागणी केली. घरच्या स्वयंपाकघरात खाखरा किंवा लोणचे करून विकणाऱ्या गृहिणीलाही हाच नियम लागू पडतो. व्यवसाय कर, वस्तू व सेवा कर आणि तराजूची पडताळणी ही खाती आणखी वेगळी.

वारसा केवळ गादीचा नसतो

व्यापारी कुटुंबात गादीचा वारसा सहज चालतो. वडील थकले की मुलगा गल्ल्यावर बसतो, गिऱ्हाईक त्याला ओळखू लागते, पुरवठादार उधारीवर माल पाठवतात. कायद्याच्या नजरेत मात्र गादी अशी आपोआप हलत नाही. अन्न परवानाधारकाचे निधन झाल्यास तो परवाना वारसांच्या सोयीसाठी मृत्यूपासून 90 दिवस चालू राहतो. मूळ मुदत त्याआधीच संपत असेल, तर तेवढेच दिवस मिळतात. अधिकारी लेखी कारण नोंदवून हा काळ वाढवू शकतो. पण कोणी तेथवर गेलेच नाही, तर दुकान विनापरवाना ठरते. एकट्या मालकाच्या व्यवसायाची वस्तू व सेवा कराची नोंदणी त्याच्या पॅन क्रमांकाशी बांधलेली असते. म्हणून वारसाला स्वतःची नोंदणी घ्यावी लागते आणि जुन्या खात्यातील शिल्लक कर-जमा विहित अर्ज भरूनच आपल्याकडे आणता येते.

सर्वांत नाजूक प्रश्न भाड्याच्या दुकानाचा. पागडीच्या जागेत पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करणारी कुटुंबे आजही असंख्य आहेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 नुसार व्यवसायासाठी दिलेल्या जागेत भाडेकरूच्या मृत्यूसमयी त्याच्यासोबत तेथे व्यवसाय करणाऱ्या कुटुंबीयाला भाडेकरूचे स्थान मिळते. तसा कोणी नसेल तरच इतर वारसांचा विचार होतो. ‘सोबत व्यवसाय करीत होता’ हे मात्र सिद्ध करावे लागते. त्यावेळी शेजाऱ्याच्या तोंडी साक्षीपेक्षा परवान्यावरील नाव, कराचे विवरणपत्र आणि बँक खाते अधिक बोलते. वडिलांच्या हयातीतच मुलगा, मुलगी किंवा सून यांचे नाव भागीदार म्हणून कागदावर आणले, तर पुढे भावाभावांत येणारे वितुष्टही पुष्कळदा टळते. घरात ही गोष्ट काढणे अवघड वाटते. वडिलांच्या मृत्यूची वाट पाहिल्यासारखे होईल, असा संकोच असतो. म्हणूनच हा विषय मुलांनी काढावा यापेक्षा वडीलधाऱ्यांनीच काढलेला बरा.

मेहेरबानी नव्हे, हक्क

परवान्याचे काम म्हटले की कार्यालयातील हेलपाटे डोळ्यांपुढे येतात आणि मग सारे काही एजंटाच्या हाती सोपवले जाते. 2015 च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने या चित्रात मोठा बदल केला, तरी पेठेत त्याची माहिती कमीच. या कायद्यानुसार अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. नागरी संस्थांच्या अधिसूचित सेवांत नवा व्यवसाय परवाना व त्याचे नूतनीकरण यांबरोबरच परवाना हस्तांतरण आणि मालक वा भागीदाराचे नाव बदलणे यांचाही समावेश आहे. म्हणजे आजोबांच्या परवान्यावर नातवाचे नाव लावणे हे काम याच हक्काच्या कक्षेत येते.

अर्ज दिल्यावर क्रमांक व दिनांक असलेली पोच घ्यावी. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला गेला, तर 30 दिवसांत त्याच खात्यातील वरिष्ठांकडे पहिले अपील करता येते, त्यानंतर दुसरे आणि शेवटी राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे तिसरे. अर्ज फेटाळताना लेखी कारण देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे आणि विनाकारण विलंबासाठी त्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. पुष्कळदा अपिलापर्यंत जाण्याची वेळच येत नाही. पोचपावती हाती असलेला, मुदत ठाऊक असलेला अर्जदार शांतपणे समोर उभा राहिला, तरी टेबलावरील फाईल हलते.

एजंटाची मदत घेण्यात गैर काही नाही. पण अर्जात भ्रमणध्वनी क्रमांक आणि ईमेल दुकानदाराचाच असावा. एजंटाचा क्रमांक दिला की नूतनीकरणाची आठवण, त्रुटीची सूचना आणि ओटीपी सारे त्याच्याकडे जाते. तो व्यवसाय सोडून गेला, तर आपल्याच परवान्याची किल्ली आपल्या हाती उरत नाही.

आधार कोठे मिळतो

कागद नीट असले की शासकीय मदतीची दारेही उघडतात. उद्यम नोंदणी 1 जुलै 2020 पासून सुरू झाली. ती पूर्णपणे मोफत आहे, त्यामुळे तिच्यासाठी शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहावे. किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांना जुलै 2021 पासून तिच्यात स्थान मिळाले, परंतु केवळ प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरते. उत्पादकाला मिळणारे इतर लाभ त्यांना मिळत नाहीत, हे आधीच जाणून घेतलेले बरे. मुद्रा योजनेत 50 हजारांपर्यंतचे ‘शिशु’ कर्ज पहिल्या पावलासाठी उपयोगी पडते. पापड, मसाले, लोणची यांचा गृहउद्योग वाढविणाऱ्यांना सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये अनुदानाची तरतूद आहे. दुकानासमोर हातगाडी लावणाऱ्या विक्रेत्यासाठी स्वनिधी योजना आहे. 2025 च्या फेररचनेनंतर तिचा पहिला हप्ता 15 हजार रुपयांचा झाला. हातगाडीवाल्याशी रोज वाद घालण्यापेक्षा त्याला या योजनेची वाट दाखविणारा दुकानदार चांगला शेजारी ठरतो.

तराजूची साक्ष

नियम म्हणजे केवळ शासनाचा जाच, अशी भावना व्यापारात जुनी आहे आणि तिला कारणेही आहेत. तरी श्रावकाच्या आचारधर्माने हा विषय कधी परका मानला नाही. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत कमी-अधिक मापे वापरणे, मालात भेसळ करणे यांबरोबर राज्याच्या नियमाविरुद्ध व्यवहार करणे यांचीही गणना आहे. दरवर्षी इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी करून घेणारा दुकानदार कायदा पाळतोच, शिवाय गिऱ्हाइकाला न बोलता शब्द देतो. पेठेतील दुकान मॉलपुढे टिकते ते याच शब्दावर.

येत्या वहीपूजनाला नव्या वहीशेजारी एक फाईल ठेवता येईल : गुमास्त्याची पावती, अन्न परवाना, महापालिकेचा परवाना, भाडेपावती, काट्याचे प्रमाणपत्र आणि प्रत्येकाची मुदत लिहिलेला एक कागद. सारे कुटुंब जमलेले असताना ती उघडावी आणि कोणत्या कागदावर कोणाचे नाव आहे, ते मोठ्याने वाचावे. ज्या नावापुढे हार लागला आहे त्याला वंदन करून, उद्या शटर उघडणाऱ्याचे नाव तेथे लावण्याचा अर्ज त्याच आठवड्यात द्यावा. आजोबांनी दुकान थाटले ते पुढच्या पिढीच्या हाती सुरक्षित जावे म्हणूनच.