ताळेबंदात नसलेली नदी

बँकेच्या कर्जविभागात असताना कारखान्याचा प्रस्ताव आला की यंत्रसामग्री, तारण, खेळते भांडवल, नफ्याचे प्रमाण हे सारे मी बारकाईने तपासत असे. सांडपाणी कोठे जाणार, हा प्रश्न मात्र मी क्वचितच विचारला. ती उणीव किती मोठी होती, हे तिरुपूरची हकिकत अभ्यासताना कळले.

तमिळनाडूतील तिरुपूर हे होजिअरीचे देशातील प्रमुख केंद्र. आपल्या अनेकांच्या दुकानांतील बनियन, टी-शर्ट तेथूनच येतात. सुती कापडावर रंग चढावा म्हणून रंगाईच्या पाण्यात भरपूर मीठ घालावे लागते. रंग कापडात उतरतो. मीठ सांडपाण्यातच राहते. नेहमीच्या शुद्धीकरणाने पाण्याचा रंग जातो, विरघळलेला क्षार जात नाही. वर्षानुवर्षे हे पाणी नोय्यल नदीत गेले. सिंचनासाठी १९९२ साली पूर्ण झालेले ओरथुपाळयम धरण खाऱ्या सांडपाण्याचे तळे झाले आणि ज्यांच्यासाठी ते बांधले, त्या शेतकऱ्यांनाच न्यायालयाची पायरी चढावी लागली.

सांडपाण्याचा थेंबही बाहेर जाऊ नये, असे मद्रास उच्च न्यायालयाने २००६ साली बजावले. ते पाळले जाईना, तेव्हा जानेवारी २०११ मध्ये रंगाईचे सातशेहून अधिक कारखाने बंद करण्याचा आदेश निघाला. मजुरांचा रोजगार बुडाला. काही रंगाई अन्य जिल्ह्यांत गेली.

आज तेथील सामूहिक शुद्धीकरण केंद्रांत पाणी दाबाने सूक्ष्म पडद्यांतून गाळतात. उरलेले खारे पाणी आटवून मीठ वेगळे काढतात. पाणी आणि मीठ दोन्ही पुन्हा रंगाईस वापरतात. अर्थात त्यासाठी वीज व इंधन खर्च होते आणि गाळाची विल्हेवाट हा प्रश्न उरतोच. परंतु पूर्वी जो खर्च शेतकऱ्याच्या जमिनीने सोसला, तो आता कारखान्याच्या वहीत लिहिला जातो.

पाणी गाळून पिण्याचा संस्कार आपल्या घरांत आहे. तो दुकानापर्यंतही यावा. खरेदी करताना आपण भाव, सूत, रंगाचा पक्केपणा विचारतो. कापड कोठे रंगले आणि त्याचे पाणी कोठे गेले, हेही विचारावे. शुद्धीकरणाचा खर्च करणारा आणि तो चुकवणारा यांच्या भावांत फरक पडणारच. स्वस्त माल उचलताना तो फरक कोणी भरला, हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

माझ्या टेबलावर हा प्रश्न विचारायचा राहून गेला. आपण अजून गादीवर आहात.