ठोका वाढवायचा, तर आधी बळ

चेन्नईत मे महिन्यात लॅपटॉपवर जड काम लावलं, की थोड्याच वेळात पंखा घरघरायला लागतो आणि मग यंत्र मंदावतं. बिघाड नसतो तो. प्रोसेसर तापमान पाहून आपले ठोके स्वतःच कमी करत असतो.

हे ठोके म्हणजे काय, ते याच शहरात नीट समजून घेता येतं. गिंडीच्या जंगलाला लागून असलेल्या आयआयटी मद्रासमध्ये प्रा. व्ही. कामकोटी यांच्या गटाने ‘शक्ती’ प्रोसेसर घडवला. 2018 साली त्याची चिप अमेरिकेत ओरेगॉनला इंटेलच्या कारखान्यात 22 नॅनोमीटर तंत्राने तयार झाली. तिचा वेग 350 मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला पस्तीस कोटी ठोके. त्याच वर्षी चंडीगडला 180 नॅनोमीटरवर ‘शक्ती’ घराण्यातलीच दुसरी चिप उतरली. तिचे ट्रान्झिस्टर मोठे, म्हणून चाल बरीच संथ. ट्रान्झिस्टर जेवढा मोठा, तेवढा त्याला चालू-बंद व्हायला वेळ लागतो.

एका ठोक्यात विजेचा संकेत ठरलेल्या टप्प्यापर्यंत पोचलाच पाहिजे. व्होल्टेज कमी पडलं तर तो रेंगाळतो आणि उत्तर चुकतं. म्हणून वेग वाढवताना आधी व्होल्टेज चढवतात, मग ठोके. उतरताना आधी ठोके, मग व्होल्टेज. हा क्रम मला फार सुंदर वाटतो. बैलांचा दम पाहूनच गाडी हाकावी, तसा. शिवाय विजेचा खर्च ठोक्यांच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दोन्ही वीस टक्के उतरवले, तर हा खर्च जवळजवळ निम्मा होतो! इंटेलने 2000 साली लॅपटॉपसाठी आणलेलं ‘स्पीडस्टेप’ याच हिशेबावर उभं होतं. आज लिनक्समधला ‘गव्हर्नर’ कामाचा बोजा पाहून ठोके चढवायचे की उतरवायचे, हा निर्णय सेकंदात कितीतरी वेळा घेतो.

चेन्नईच्याच माइंडग्रोव्ह कंपनीने 2024 मध्ये 700 मेगाहर्ट्झची चिप आणली. पण मला जास्त अप्रूप आहे ते 2025 च्या ‘आयरिस’चं. इस्रोसाठी ‘शक्ती’वर बेतलेली ही चिप पुन्हा चंडीगडच्या 180 नॅनोमीटरवरच घडली, तिचा बोर्ड चेन्नईत जुळवला गेला आणि आयआयटीतच ती पहिल्यांदा सुरू झाली. वेगाची शर्यत इथे नाहीच. अवकाशात पंख्याला ढकलायला हवाच नसते. चिपची उष्णता धातूतून वाहून न्यायची आणि किरणोत्सर्ग सोसत हिशेब अचूक ठेवायचा.