स्प्रिंगची तार : व्यास, प्रत आणि पृष्ठभाग

तार जितकी कडक तितकी तिची स्प्रिंग ताठ, हा घरगुती कार्यशाळांतील सर्वांत रूढ गैरसमज होय. स्प्रिंगचा ताठपणा, म्हणजे ती एक मिलिमीटर दाबण्यास लागणारे बल, धातूच्या बाजूने दृढता गुणांकावर अवलंबून असतो, आणि हा गुणांक कार्बनयुक्त पोलादाच्या सर्व प्रतींत जवळजवळ सारखाच, सुमारे 80 गिगापास्कल, असतो. आयएस 4454 या भारतीय मानकाच्या पहिल्या भागात एसएल, एसएम, एसएच, डीएम, डीएच अशा प्रती दिल्या आहेत. त्यांतील पहिले अक्षर स्थिर अथवा वारंवार बदलणारा भार दर्शवते आणि दुसरे ताणबळाची पातळी. उंच प्रतीची तार कायमची वाकण्यापूर्वी अधिक ताण सोसते. तिची स्प्रिंग त्यामुळे अधिक ताठ होत नाही.

ताठपणा खऱ्या अर्थाने बदलतो तो व्यासाने, कारण तो व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो. वेढ्यांची संख्या आणि त्यांचा मध्यव्यास तोच ठेवून 2 मिमीऐवजी 1.8 मिमी तार घेतल्यास ताठपणा सुमारे 34 टक्क्यांनी घटतो. म्हणूनच बेंगळुरूच्या एस. पी. रोडवर किंवा पीण्या औद्योगिक वसाहतीच्या परिसरात तार घेताना केवळ ‘वीस गेज’ म्हणणे पुरेसे नसते. ब्रिटिश एसडब्ल्यूजी मापात 20 क्रमांकाची तार 0.914 मिमी भरते, तर पियानो तारेच्या मापात त्याच क्रमांकाची तार 1.143 मिमी असते, आणि एवढ्या फरकाने स्प्रिंग जवळजवळ अडीचपट ताठ होते. मागणी मिलिमीटरमध्ये करावी आणि तार मायक्रोमीटरने मोजूनच घ्यावी. 1 मिमी व्यासाची एक किलो तार सुमारे 162 मीटर भरते, त्यामुळे घरगुती गरजेस थोडी तार पुष्कळ होते.

मऊ तार तापवून पाण्यात बुडवली की स्प्रिंगची होते, ही समजूतही टिकत नाही. बांधकामाच्या बाइंडिंग वायरमध्ये कार्बन इतका कमी असतो की पाणी दिल्याने तिला स्प्रिंगचे गुण येत नाहीत. उलट पियानो तारेचे बळ ‘पेटंटिंग’मधून, म्हणजे तार तापवून वितळलेल्या शिशात नियंत्रित रीतीने थंड करण्याच्या प्रक्रियेतून, आणि त्यानंतर ती थंड अवस्थेतच साच्यातून ओढल्याने येते; बर्मिंगहॅमच्या जेम्स हॉर्सफॉल यांनी 1854 मध्ये या प्रक्रियेचे पेटंट घेतले होते. अशी तार लाल होईपर्यंत तापवली तर ते सारे बळ नाहीसे होते. वळवून झालेली स्प्रिंग मात्र 200 ते 250 अंश सेल्सिअसवर अर्धा तास ठेवणे हितकारक असते, कारण त्याने वळणाचे अंतर्गत ताण सैल होतात.

बेंगळुरूची हवा सौम्य असल्याने तार गंजत नाही, असे मानणेही चुकीचे आहे. समुद्रापासून दूर आणि सुमारे 920 मीटर उंचीवर वसलेल्या या शहरात खारी हवा नाही हे खरे. परंतु सापेक्ष आर्द्रता साधारण 60 टक्क्यांपलीकडे गेली की गंजण्याचा वेग वाढतो, आणि पावसाळ्यात येथील हवा ही मर्यादा सहज ओलांडते. गंजाचा बारीकसा खड्डाही स्प्रिंगला घातक ठरतो, कारण तेथे ताण एकवटतो आणि वारंवारच्या भाराने तेथूनच तडा जातो. बोटांचा घामही पुरेसा असतो. मिरजेची सतार ज्या पोलादी तारांवर वाजते त्या याच कुळातल्या, आणि वादनानंतर त्या पुसण्याची रीत अगदी शास्त्रशुद्ध आहे. तेलाचा पातळ हात देऊन, सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात तार ठेवावी; त्याच कपाटात आम्ल किंवा बॅटरी ठेवू नये.

वेटोळे कितीही आवळून ठेवले तरी चालते, हेही खरे नाही. वाकलेल्या तारेच्या पृष्ठभागावरील ताणमान म्हणजे तारेचा व्यास भागिले वेटोळ्याचा व्यास. 1 मिमी तार 200 मिमीच्या वेटोळ्यात सुखरूप राहते, 100 मिमीच्या वेटोळ्यात मात्र ती आपल्या मर्यादेपाशी पोहोचते आणि कायमची वळू लागते. वेटोळ्याची बांधणी सोडताना टोक हाताशी धरावे आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा, कारण सुटलेले टोक सपकन उसळते. प्रत्येक वेटोळ्यावर व्यास आणि प्रत लिहिलेली चिठ्ठी बांधावी. व्यास पुन्हा मोजता येतो, प्रत मात्र डोळ्यांनी ओळखता येत नाही. म्हणून चिठ्ठी हरवलेल्या तारेची भार सोसणारी स्प्रिंग करू नये.